तीन बोटं वर

ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर बोटांच्या खुणा मी बसवल्या, हे आधीच सांगून टाकते. कुठली बोटं कुठे सरकवली की काय व्हावं, ते सगळं माझ्या हातचं आहे.

मी तिथली संगणक परिचालक. गाव चामोर्शीहून बसने दीड तास आत, जंगलाच्या कडेला. ऑफिसात एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि एक मी. माऊस मोडला तेव्हा मी नवा मागितला. अर्ज दे म्हणाले, दिला. तो अर्ज अजून फाइलीत सुखाने नांदतो आहे. शेवटी वैतागून एका दुपारी सेटिंग उघडली आणि टचपॅडचं पान काढून बसले. दोन बोटांची टिचकी मारली की उजवं क्लिक. दोन बोटं वर-खाली केली की पान सरकणार. ते आधी उलट्या दिशेला पळायचं, त्याला सरळ केलं. दोन बोटं फाकवली की नकाशा मोठा. आणि तीन बोटं वर ढकलली की उघडी असलेली सगळी पानं एकदम समोर, खाटेवर पापड वाळत घालावेत तशी. माझ्याकडे दाखले, घरकुलाच्या याद्या, जन्मनोंदी एकाच वेळी उघड्या असतात. ही खूण मला इतकी आवडली की उगाचच दिवसातून दहादा बोटं वर ढकलायचे.

ग्रामसेवक साहेब आठवड्यातून एकदा येत. माझी बोटं पटापट चालताना पाहून म्हणाले, मलाही शिकव. शिकवलं. त्यांना नकाशा मोठा-लहान करायचा भारी नाद लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? या ऑफिसात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून काही शिकत होतं.

पहिल्यांदाच, हे खरं नाही. त्याआधी एक बाई शिकल्या होत्या. बचत गटाच्या अध्यक्ष, साठीच्या, घरात गोंडी बोलणाऱ्या. अंगठा द्यायची लाज वाटते म्हणून दोन पावसाळे पंचायतीच्या पायरीवर बसून माझ्याकडून अक्षरं गिरवली त्यांनी. सही तर शिकल्याच, पण मग वाचायचा असा सपाटा लावला की भिंतीवरची एक सूचना सोडली नाही.

गावामागच्या टेकडीवर गिट्टीची खाण काढायची टूम निघाली. टेकडीच्या पायथ्याला मोहाची झाडं आहेत. कुठलं झाड कुठल्या घराचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण उन्हाळ्यात फुलं वेचताना कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली जात नाही. बाईंची तिथे चार झाडं. ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय खाण होत नव्हती, म्हणून ग्रामसभा लावली.

आदल्या दिवशी साहेबांनी मला सभेचं इतिवृत्त टाइप करायला बसवलं. सभा उद्या, इतिवृत्त आज. "वेळ वाचतो," म्हणाले. "सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर." ती सविस्तर चर्चासुद्धा मीच लिहिली, कोण काय म्हणालं त्यासकट. काऊन, असं मी विचारलं नाही. माझं काम दरवर्षी नव्याने मिळतं आणि ते मिळावं म्हणून साहेबांची शिफारस लागते. हे कारण आहे, सबब आहे, काय म्हणायचं ते म्हणा.

सभा शाळेत भरली. दारातच रजिस्टर ठेवलं होतं, आत येताना प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. खिडक्या लावून भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि प्रोजेक्टर सुरू केला. नकाशा साहेब स्वतः दाखवणार होते; शिकले होते ना! दोन बोटं टेकवली, आणि शेजारचं अंगठीवालं बोटही सोबत टेकलं, वर सरकलं. चादरीवर सगळी पानं पसरली. साहेब गडबडले, टिचकी मारली, आणि नेमकं इतिवृत्ताचं पान उघडून भिंतभर झालं.

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी बोट हवेत धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ठ-राव... स-र्वा-नु-म-ते... मं-जूर." मग त्या साहेबांकडे नाही, माझ्याकडे वळल्या. "हे कवा झालं वो माय? आमी त आत्ताच बसलो."

साहेबही माझ्याकडेच बघत होते.

"जुनं हाय ते बाई," मी म्हटलं. "मागच्या सालचं."

"असन," बाई म्हणाल्या आणि मागच्यांना सांगितलं, "जुनं हाय म्हणते." माझा शब्द पुरला. कुणी पुढे विचारलं नाही. तारीख पानाच्या वरच्या कोपऱ्यात होती, पण तोवर साहेबांनी पान बंद केलं होतं.

त्या दिवशी लोक दोन तास बोलले. खाण नको म्हणाले. हो म्हणणारा एकही निघाला नाही. इतिवृत्तातलं एक अक्षर बदललं नाही, आणि दारातल्या सह्या त्याला मागे जोडल्या. जोडल्या म्हणजे मीच जोडल्या.

पुढच्या आठवड्यात साहेब आले ते टेबलापाशी येऊन म्हणाले, "ती तीन बोटांची भानगड बंद कर बरं. भर सभेत तांत्रिक अडचण झाली." मी सेटिंग उघडली आणि तीन बोटांच्या पुढे 'काहीही नाही' निवडलं. एक मिनिट लागलं. या सगळ्या प्रकरणात कुणी काही दुरुस्त केलं असेल तर तेवढंच. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि तरीही मी त्यांना चहा विचारला.

खाण सुरू झाली. रस्त्यासाठी बाईंची दोन झाडं गेली, उरलेल्या दोन्हींवर धूळ बसते. त्या माझ्यावर चिडतील, निदान बोलणं टाकतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या सोमवारी त्या ऑफिसात आल्या, हातात कागद. अर्ज. कुणाकडून लिहून घेतलेला नव्हता, स्वतः लिहिलेला होता. अक्षर माझ्या वळणाचं, 'र्व' काढायची तीच रीत.

"त्या दिशी भिंतीवर दिसला होता ना, मागच्या सालचा कागद," त्या म्हणाल्या. "त्याची नक्कल पायजे मले. यंदा त आमी नाई म्हटलं, मंजे खाण त्याच कागदावर चालू केली. मागच्या साली आमाले कोणीच इचारलं नाई, मंग मंजूर कसं केलं? तोच कागद घेऊन वरच्या साहेबाकडे जातो आमी समद्या. तू सांगतलं म्हणून समजलं माय, नाईतं आमाले कोण सांगते?"

मी अर्ज घेतला. शिक्का मारला, पोच दिली. त्यांनी ती सगळी वाचली, घडी घातली, कमरेला खोचली.

"सापडन ना?"

"पायते बाई," मी म्हटलं.

"काढ सावकाश. मले घाई नाई," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन त्याच पायरीवर बसल्या.