आजोबा का पडत होते

तुमचे आजोबा पंधरा दिवसांत तीन वेळा पडले, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी न्हाणीच्या उंबऱ्याशी डोकं जेमतेम वाचलं. नांदेडला माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. वर्षभरात त्याने माणसं ओळखणं सोडलं. म्हणून आजोबा खुर्चीतून उठले की मी हातातलं काम टाकून त्यांच्यामागे जायचे.

फार भीती वाटली की मी कागद घेते. तंत्रनिकेतनात मी मुलींना कारण-परिणामाची आकृती शिकवायचे, माशाच्या सांगाड्यासारखी. डोक्याच्या जागी प्रश्न, काट्यांवर कारणं, आणि प्रत्येक कारणाला पुन्हा ‘का?’ विचारायचं. मी माशाच्या डोक्यात ‘पडणं’ लिहिलं आणि काट्यांवर औषधं, चष्मा, चपला, फरशी, मेंदू.

“आपल्या सोवळ्या घरात मासा?” आजोबा डोकावून म्हणाले.

“गप बसा. पडण्याआधी काय होतं ते सांगा.”

“उठलो की डोळ्यांपुढं अंधारी येते. लई नाही, जराशी.”

गोळ्या बरोबर होत्या. चष्मा नवा, चपला धड, फरशी कोरडी. एकेक काटा मी खोडत गेले. मेंदू तेवढा उरला होता.

भांडी घासणाऱ्या मावशी बघत उभ्या होत्या. “बाई, साहेब पाणी कुठं पितेत? दिसभरात दोन अर्धे पेले. तुमचाच कायदा हाय की.”

माझाच होता. लातूरला आगगाडीने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी घरात नियम घातला होता: पेला अर्धाच भरायचा, लागलं तर पुन्हा मागायचं. दुष्काळ सरला, पण नळाला अजूनही रोज पाणी नाही, आणि नियम मी उठवला नाही.

“मग पुन्हा मागायचं ना!” मी ओरडलेच.

“तुझ्याकडं मागितलं की आधी टाकीत किती उरलंय ते ऐकावं लागतं,” आजोबा म्हणाले. “त्यापेक्षा तहान परवडली.”

डॉक्टरांनी आडवं झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजला. उभं राहताच तो घसरत होता. “पाणी वाढवा,” ते म्हणाले, “तरी पडले, तर मेंदूची तपासणी करू.” तो काटा मी अजून खोडलेला नाही.

काल मी त्यांना काठोकाठ भरलेला पेला दिला. अर्धा पिऊन ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी स्वयंपाकघरात निघून गेले, तेव्हा कुठे उरलेलं पाणी प्यायले.