फिल्म संपली हे कॉम्प्युटरला कसं कळावं?

एका खोलीत तीन माणसं आणि एक कॉम्प्युटर ठेवा, कामापेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. आमच्या जालन्याच्या ऑफिसात तर इतके साठलेत, की अजूनही आम्ही भेटलो की चहा हमखास थंड होतो.

सीडीचा जमाना होता. मालक देशमुख काका, आधी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. प्रोग्राम लिहायला शहागडचा सलीम, आणि उरलेल्या सगळ्याला मी. काम होतं तीर्थपुरीत शेतकऱ्यांसाठी कॉम्प्युटर बसवायचं. यादीतून शेतीची फिल्म निवडायची, बघायची, संपली की यादी परत आली पाहिजे. सगळं जमलं, पण फिल्म संपली हेच कॉम्प्युटरला कळेना! सलीमच्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "ये काम नहीं जमा, तो दुकान पे बैठ!" सलीमला टायरचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही.

*

काकांनी घड्याळ लावून फिल्म मोजली. "चार मिनिटांनी यादी आण, विषय संपला!"

आमच्याकडे बराबर चाललं. तीर्थपुरीचा कॉम्प्युटर जुना, तिथे फिल्म रखडत चालायची. दोन दिवसांनी एक शेतकरी जीपनं ऑफिसात हजर.

"साहेब, फिल्मवाले म्हणले, 'फवारणी करताना कधीही...' अन् गेले की हो! कधीही काय करायचं न्हाई, तेवढं सांगा. पंप भरून ठिवून आलोय!"

*

मग सलीमनं ठरवलं, फिल्म थांबली म्हणजे संपली.

काका पाहुण्यांना दाखवत होते. "ही बघा बोंडअळी!" म्हणून त्यांनी फिल्म थांबवली, तर अळीच्या जागी यादी! पुन्हा लावली, पुन्हा थांबवली, पुन्हा यादी. पाचव्या वेळी पाहुणे म्हणाले, "काका, अळी लई चपळ दिसती!"

*

पुढची युक्ती: फिल्मची लांबी आणि चाललेला वेळ अगदी सारखा झाला, की यादी. पण फिल्म हटकून क्षणभर आधी थबकायची आणि यादी यायचीच नाही. दुपारभर सलीम गालाला हात लावून बसलेला.

काका वैतागले. "अरे, आपली घनसावंगीची बस तरी टायमावर येती का? जवळ दिसली की पिशवी उचलायची!"

सलीमनं तेच लिहिलं. शेवट जवळ आला की संपली समजायचं. चाललं की!

*

तपासणीला तीर्थपुरीत काम देणाऱ्या खात्याचे मोठे साहेब आले. जमलं तर सही, नाही तर कॉम्प्युटर परत. पुढे सतरंजीवर गावातली म्हातारी माणसं. फिल्म झकास चालली. शेवटी फिल्ममध्ये माहिती सांगणाऱ्या सरांनी हात जोडले आणि टकदिशी यादी आली. सलीमनं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले बाजीराव आबा, हात अर्ध्यावरच, कडाडले, "ही काय रीत झाली? त्यांनी हात जोडले, अन् आम्ही जोडायच्या आत पळाले! बराबर न्हाई हे!"

साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. सलीमचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची खरंच दया आली. तो कीबोर्डपाशी बसला, एक ओळ बदलली, फिल्म पुन्हा लावली.

सरांनी हात जोडले आणि तसेच थांबले. सतरंजीवरच्या सगळ्यांनी जोडले. साहेबांनाही जोडावे लागले. सलीमचं बोट बटणावर, नजर आबांवर.

आबांनी सावकाश हात खाली घेतले. सलीमनं बटण दाबलं. यादी आली.

"हां," आबा साहेबांकडे वळून म्हणाले, "आता संपली. करा सही!"