माशाची तहान

घाट चढून आलेल्या मासळीचा तो खारट, ओलसर गंध! कोल्हापूरच्या बाजारात बर्फावर मांडलेले बांगडे दिसले, की आजही मला माझ्या धाकट्या भावाचे, सदाचे, ते दिवस आठवतात. लहानपणी रविवारी वडिलांचं बोट धरून मासे आणायला तोच जायचा. पुढे मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागले, मुलांना माशांचे कल्ले उघडून दाखवू लागले. सदा मात्र त्यांच्या चवीशीच एकनिष्ठ राहिला.

चाळिशीत त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं, मीठ जवळजवळ सुटलं, पाणी घोटाघोटावर आलं. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला याहून कठोर वनवास कोणता असेल? उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसे.

अशाच एका दुपारी त्याने विचारलं, पाण्यातच जगणाऱ्या माशाला तहान लागते का. मी सांगितलं, समुद्रातल्या माशाला लागते. भोवतीचा खारा समुद्र त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेत असतो. म्हणून तो समुद्रच पितो, आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे समुद्रालाच परत करतो. रंकाळ्याच्या गोड्या पाण्यातल्या माशाचं उलटं. पाणी आपणहून त्याच्या अंगात शिरतं, आणि त्याची मूत्रपिंडं ते अखंड बाहेर टाकत राहतात.

सदाने गालातला बर्फाचा खडा जिभेने फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे अक्का, मी रंकाळ्यातला मासा हाय. बाहेर टाकायचंच बंद पडलंय."

किती वर्षं मी हे वर्गात शिकवत होते! पण पाणी आणि क्षार यांचा तो तोल म्हणजे एका जिवाची अहोरात्र चाललेली झुंज आहे, हे मला त्या दुपारी उमगलं. मी तपासण्या करून घेतल्या. माझं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. सदा ऐकेना, अक्काच्या जिवावर मी जगू कसा, हेच त्याचं पालुपद. शेवटी मी म्हणाले, "सदा, मला एक पुरतंय."

शस्त्रक्रियेनंतर मला चाकांच्या खुर्चीवरून त्याच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. मला घेऊन आलेल्या नर्सने सांगितलं, लघवी उत्तम होते आहे, आता त्यांनी भरपूर पाणी प्यायचं. सदा हातातल्या पेल्याकडे नुसता पाहत होता, जणू कुणीतरी येऊन तो काढून घेईल. मग त्याने पेला ओठांना लावला आणि डोळे मिटून, सावकाश, तळापर्यंत रिकामा केला. डोळे उघडले तेव्हा त्याला मी काचेपलीकडे दिसले. माझ्याकडे पाहतच त्याने तो पेला पुन्हा भरायला आतल्या नर्सपुढे धरला.