मोगऱ्याची भाकरी

मोगऱ्याच्या साबणाचा वास आला की मी तंद्रीत जातो. त्या साबणाच्या वीस कागदांवर स्टीलचा डबा फुकट, असं ऐकलं हुतं. उंदरं पिठाची पिशवी कुरतडायची, म्हणून बायकोला डबा पायजे हुता. मी शाना! वीस साबण आणलं, कागद सोललं आन् तिला कळू नये म्हणून उघडं साबण पिठातच पुरलं. कागद घेऊन गेलो तर दुकानदार म्हणला, “पावणं, स्कीम संपली की! कागदावरच तारीख लिवलीय.” मला कुठं वाचता येतंय? घरी आलो तर तव्यावर भाकरी फुगलेली आन् घरभर मोगरा. बायको म्हणली, “अवो, जेवताय का आंघूळ करताय?” पीठ अजून पिशवीतच हाय. नवा साबण फोडला की ती कागद माझ्या हातात देती, “वाचा की,” म्हणती. मी डोळं मिटून वास घेतो.