भाजी आणायचे पॅड

सर गेल्याचं मला त्यांच्या पत्नी सुनंदाकाकूंनीच फोन करून सांगितलं. मी कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होतो. "दत्ता, सर गेले रे. पहाटे, झोपेतच. तू ये, पण सावकाश ये. घाईत गाडी चालवू नकोस." जवळजवळ दोन वर्षं ही बातमी येणार हे माहीत असूनही तिच्यासाठी माझी काहीच तयारी झाली नव्हती.

अरविंद सबनीस सर नवीन पनवेलच्या कॉलेजात आम्हाला मेकॅनिकल शिकवायचे. मी पोलादपूरकडच्या खेड्यातून आलेला, मराठी शाळेत शिकलेला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्या वर्षी इंग्रजीतली व्याख्यानं डोक्यावरून जायची आणि मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. एकदा तास संपल्यावर सरांनी मला पार्किंगमध्ये नेलं, स्वतःच्या जुन्या लाल गाडीचं चाक काढलं आणि आतला ब्रेक दाखवत विचारलं, "हे काय होतंय इथे?" मी घाबरत म्हणालो, "घर्षण." "आणि त्यामुळे?" "उष्णता." सर म्हणाले, "मग अडलंय कुठे? तुला सगळं येतंय, फक्त नावं नवीन आहेत." त्या एका वाक्यावर मी इंजिनियर झालो असं म्हणालो तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल, पण मला वाटत नाही. पुढे तळोजाला ब्रेकपॅड बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तोही त्याच चाकापाशी लागलेल्या ओढीमुळे.

सर त्या लाल गाडीतून शर्यतीत उतरायचे. हौशी लोकांची शर्यत, घड्याळाविरुद्धची. बक्षीस म्हणाल तर एखादी ढाल. वर्षातून दोनतीनदा ते दक्षिणेतल्या ट्रॅकवर जायचे आणि मी सोबत असायचो. तिथे पोचलं की पहिलं काम, रस्त्याचे पॅड काढून ट्रॅकचे बसवायचे. परतीला निघण्याआधी पुन्हा उलट, मग कितीही थकलेलो असलो तरी. कारण ट्रॅकचा पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाही. सकाळच्या गार गाडीत, सिग्नलला, तो भरवशाचा नाही. उलट रस्त्याचा पॅड गार असताना लगेच धरतो, पण ट्रॅकवर काही फेऱ्यांतच इतका तापतो की पाय दाबला तरी गाडी पुढेच जात राहते. पॅडच्या मसाल्यात धातू किती, तंतू कुठले, राळ किती, यावर हे सगळं ठरतं. प्रत्येक ट्रॅकला, प्रत्येक ऋतूला कुठला मसाला घ्यायचा यावर सर घरी दिवसचे दिवस विचार करायचे. साध्या पॅडना ते 'भाजी आणायचे पॅड' म्हणायचे. काकू ऐकवायच्या, "माझ्या साड्यांना कपाटात जागा नाही, ह्यांच्या पॅडना दोन कप्पे! आणि भाजी आणायला पिशवी घेऊन मीच चालत जाते."

शेवटच्या मोसमात सरांची एक तक्रार सुरू झाली. "ब्रेक लाकडासारखा लागतोय रे. जोर लावावा लागतो." आम्ही जास्त पकडीचा मसाला घेतला. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्याहून कडक पकडीचा घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा नियम, म्हणून आधी पॅड, मग ब्रेकचं तेल, मग नळ्या, मग पॅड ज्या चकतीला धरतात ती डिस्क असं एकेक बदलत गेलो. त्याच दिवसांत घरी जिन्यावरून उतरताना सरांची उजवी चप्पल सारखी निसटायची. काकू म्हणाल्या, "अहो, तळ गुळगुळीत झालेत, नवीन घ्या." सरांनी घेतली, चांगली पट्ट्याची. तीही निसटू लागली तेव्हा तिच्यापेक्षा घट्ट घेतली. आम्ही सगळे शिकलेले लोक, ट्रॅकवर पॅड बदलत होतो आणि घरी चपला.

ट्रॅकवर डिस्कच्या कडेला आम्ही एक रंग लावायचो. डिस्क ठरावीक उष्णतेपलीकडे गेली की त्याचा रंग कायमचा बदलतो. त्या मोसमात एकदा सर फेऱ्या मारून आले, मी चाक काढलं. रंग लावला होता तसाच होता. मागच्या मोसमात त्याच ट्रॅकवर तो पार बदललेला असायचा. मला वाटलं, माझंच लावताना काही चुकलं. सरांनी गुडघ्यावर बसून ती डिस्क सगळ्या बाजूंनी तपासली. मग म्हणाले, "पॅड बरे आहेत, दत्ता."

"मग ब्रेक का लागत नाही?"

"कारण मी लावत नाहीये. वळणाच्या लांबूनच ॲक्सिलरेटर सोडून देतोय. पाय जोराने दाबतच नाही, म्हणून डिस्क तापत नाही." ते पुढे म्हणाले, "सगळं बदलून झालं. एकच भाग जुना राहिलाय." आणि हसले. मला हसता आलं नाही. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, पहिल्यांदाच. परतीसाठी पॅड मी एकट्याने बदलले आणि गाडीही मीच चालवली.

मग डॉक्टर, तपासण्या, आणि एक लांबलचक नाव. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या नसाच झिजत जाण्याचा आजार, ज्यावर उपाय नाही. आधी पाय, मग हात, मग जीभ. घरात गाडी चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मूल नाही, मी तळोजाला पाळीत अडकलेला. दवाखान्यात वारंवार जायचं होतं आणि दर वेळी अनोळखी ड्रायव्हरला आपल्याला उचलून ठेवायला लागावं हे सरांना सहन होईना. काकूंनी साठीच्या उंबरठ्यावर ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. लायसन्स मिळालं, पण त्या लाल गाडीला हात लावायला त्या तयार नव्हत्या. "ती तुमची राक्षसीण आहे. माझं नाही ऐकायची."

एका रविवारी सरांनी मला बोलावलं. तोपर्यंत शब्द जड झाले होते, कान देऊन ऐकावं लागायचं. "भाजी आणायचे पॅड आण," ते म्हणाले. "त्यातले सगळ्यात चांगले. सुनंदाचा पाय हलका आहे. गार गाडीत, पहिल्याच दाबाला धरले पाहिजेत. आणि आवाज नको. आवाज आला की ती घाबरते." आयुष्यात एवढ्या बारकाईने त्यांनी कुठलाच मसाला निवडला नसेल. मी तीन प्रकारचे नेले. सर शेजारच्या सीटवर बसून प्रत्येकाचा अनुभव घेत होते, मी चालवत होतो आणि दोन त्यांनी नुसत्या मानेने नाकारले.

नवीन पॅड डिस्कवर बसण्यासाठी गाडी पळवायची, हळू करायची, पुन्हा पळवायची असं बरेचदा करावं लागतं. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या रस्त्यावर ते चाललं होतं. बांधावरच्या एका म्हाताऱ्याने हात करून थांबवलं. "कवापासून बगतोय. पळवताव नि थांबवताव. ब्रेक लागत नाय काय?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते हसू मी शेवटचं ऐकलं.

त्यानंतर त्याच रस्त्यावर काकू शिकल्या. मी मागे बसायचो. बोलणं जवळजवळ थांबलेलं, म्हणून वळण आलं की सर डाव्या हाताची बोटं मांडीवर आपटायचे. आता दाब… आता सोड. काकू एक डोळा रस्त्यावर, एक त्या बोटांवर ठेवून चालवायच्या. दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या त्या दोघांनी अशाच केल्या. शेवटी बोटं उचलली जात नव्हती, नुसती थरथरायची. काकूंना तेवढं पुरायचं.

सर गेल्यापासून गाडी जागेवरून हलली नव्हती. गेल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "उद्यापासून बाजाराला मी गाडीनेच जाणार आहे. एकदा बरोबर ये." दमट हवेत डिस्कवर गंज चढला होता, पहिले काही ब्रेक खरखरत लागले, मग शांत झाले. मी सरांच्या सीटवर बसलो होतो. नेऱ्याकडचं पहिलं वळण आलं आणि काकूंची नजर डावीकडे वळली, माझ्या मांडीकडे. तिथे माझे हात होते, स्वस्थ. माझी बोटं क्षणभर उचलली गेली असतील… मी ती मिटून घेतली. ती खूण त्या दोघांची होती.

काकूंनी नजर रस्त्यावर नेली. "दाबते हं," त्या म्हणाल्या. मला नव्हे. गाडी अलगद, आवाज न करता हळू झाली आणि वळणातून बाहेर पडली.