क्लाउसभाऊंचं पिनरला जाणं

लंडनमधल्या पिनरच्या आपल्या मराठी मंडळींत कुजबूज होती, की हाउन्सलोचा जर्मन कॉफीवाला क्लाउस रंभाबाईंवर लट्टू झालाय. आता बाई पंच्याहत्तरीच्या, हाही सत्तरीला टेकलेला. पण कुजबूज काय वय बघून थांबते? हल्ली दर रविवारी गडी इस्त्रीचा शर्ट घालून, भलीमोठी बॅग सावरत बाईंच्या दारात हजर. आत गेला की पडदे सरकलेच! बाई त्याला क्लाउसभाऊ म्हणायच्या, पण एवढं मात्र कुणी सांगायचं नाही.

बॅगेत जुना लाकडी कॅमेरा असायचा. कॉफीची घाऊक विक्री हा क्लाउसचा धंदा, पण जीव अडकलेला फोटोत. मोबाइलवरचा फोटो म्हणजे त्याच्या लेखी इन्स्टंट कॉफी. पडदे ओढून उजेड कमी करायचा आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर अर्धं मिनिट अजिबात हलायचं नाही. एकदा मंडळींतल्या भीमरावांना बसवलं, तर ते बोलायचे थांबेनात. फोटोत त्यांना दोन तोंडं आली. त्यांची बायको म्हणाली, "अगदी हुबेहूब!"

फोटो क्लबच्या प्रदर्शनातून मात्र दरवर्षी असली चित्रं परत यायची. यंदा एक तरी फोटो भिंतीवर लागला नाही, तर कॅमेरा विकायचा, असं क्लाउसनं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात कुजबूज रंभाबाईंच्या नातीच्या, इथंच वाढलेल्या मनालीच्या कानावर गेली.

"आजी, लोक काय काय बोलते! सो एम्बॅरसिंग!"

"बोलू दे गं. या वयात कुणी आपल्याबद्दल बोलतंय, हे काय कमी आहे?"

पण मनालीनं दारातच क्लाउसला अडवलं आणि इंग्रजीत बजावलं, "फोटो काढायचा तर माझ्यासमोर." बिचाऱ्याला वाटलं, ही मध्येच आजीला उठवून घेऊन गेली, तर यंदाचं प्रदर्शनही गेलंच! तो मुकाट्यानं काळ्या कापडाखाली शिरला.

लेन्सचं झाकण निघालं आणि नेमकी दाराची बेल वाजली. मनाली दचकून उठली. पाठोपाठ तिचा फोन किंचाळला. रंभाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

तो फोटो भिंतीवर लागला. मनालीच सगळ्यांना घेऊन बघायला गेली. भीमराव बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले, तेही न बोलता.

रंभाबाई कित्येक वर्षं रोज सकाळी ध्यानाला बसत होत्या. क्लाउसच्या ओळखीत अर्धं मिनिट न हलता बसू शकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो त्यांच्याकडे जायचा.