खाल्लेली मिनिटं

पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरीदारी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला केव्हाच दूर जाऊन स्थायिक झाला होता, पण त्याचं थोरलेपण मात्र इथेच राहिलं होतं. त्यामुळे वडिलांना सांभाळायचं काम धाकट्याकडे आलं आणि तो ते तक्रार न करता करत होता.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तो चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या मशीनवर होता. एका बाजूने ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने तापलेली ओढून घ्यायची, घडी घालायची की पुढची तयारच. आजारी माणसं रविवार बघून आजारी पडत नाहीत, तेव्हा रविवारीही कामावर जावंच लागे. आणि वडिलांची, म्हणजे अप्पांची, टीव्हीवरची फुटबॉलची मॅच नेमकी रविवारी दुपारी.

अप्पा नोकरीत साधे शिपाई होते, पण मैदानावर पंच. गावभर त्यांना 'शिट्टी' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. आता डोळे गेले होते. अगदी अंधार नव्हता, कडेकडेचं थोडं दिसे, पण समोर बघावं तिथे काळा डाग. टीव्हीसमोर बसत ते, पण चेंडू कुठे आहे ते दुसऱ्याने सांगावं लागे, आणि सांगावं ते धाकट्यानेच. समालोचकाला खेळातलं ओ की ठो कळत नाही असं त्यांचं ठाम मत असल्याने आवाज बारीक ठेवायचा. धाकटा सांगे, "नऊ नंबरवाला डावीकडून निघाला, पुढे एकच बचाववाला..." की अप्पा हात वर करत, "ऑफसाइड!" आणि पडद्यावरच्या पंचाची शिट्टी वाजली की मुलाच्या मांडीवर थाप मारत. "बघितलंस? त्याच्या आधी सांगितलं!"

धुलाईखान्यातल्या वायरमनने ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यात टीव्हीचं कार्ड बसवलं आणि धाकट्याला रेकॉर्डिंग कसं लावायचं ते शिकवलं. धाकटा खुशीत घरी आला आणि अप्पांना म्हणाला, "आता मॅच आपोआप भरून राहील. मी आलो की बघू."

"झालेली मॅच?" अप्पा म्हणाले. "निकाल लागलेल्या मॅचला पंच कशाला हवा? मेलेल्याला औषध पाजायचं का?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मग धाकटा खोटं बोलला. या मोसमात उन्हामुळे सामने संध्याकाळी ठेवलेत, असं त्याने सांगितलं. अप्पांनी हल्लीच्या खेळाडूंच्या नाजूकपणावर तोंडसुख घेतलं आणि विश्वास ठेवला. तेव्हापासून दुपारी कॉम्प्युटर मॅच भरून घेई आणि धाकटा आला की ती पहिल्यापासून लावी. कधी मूळ मॅच संपलेलीही नसे. पुढे रेकॉर्डिंग चालू आणि मागून हे दोघं निवांत. अप्पा लघवीला उठले की धाकटा पडदा थांबवून ठेवी. अप्पा परत येऊन विचारत, "काही झालं?"

"काही नाही."

"माझं नशीब बघ. मी उठलो की गोल होतच नाही!"

अडचण होती ती खालच्या न्हाव्याची. त्याच्या दुकानात टीव्ही होता आणि गोल झाला की गिऱ्हाइकांसकट सगळे बोंब मारत. धाकट्याने जाऊन हात जोडले, तर न्हावी म्हणाला, "वस्तरा गळ्यावर असेपर्यंत चिडीचूप ठेवतो. वस्तरा खाली ठेवला की माझी जबाबदारी नाही." एकदा दुपारी बोंब वर आलीच. अप्पांनी विचारलं, "काय झालं गं?" धाकट्याची बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "काही नाही मामंजी, कुणाचा तरी कान कापला असेल."

असे पुष्कळ रविवार निघाले. धाकटा मात्र दमत चालला होता. त्या आठवड्यात मशीनवरचा जोडीदार रजेवर गेला आणि दोघांचं काम एकट्यावर पडलं. रविवारी तो घरी आला तेव्हा बूट काढायलाही वाकवेना.

"आलास? लाव लाव, सुरू होईल," अप्पा म्हणाले. ते कधीचे खुर्चीत बसले होते, केस विंचरून.

पहिला हाफ त्याने कसाबसा सांगितला. दुसऱ्यात जीभ जड झाली. "सहा नंबरवाला... नाही, अकरा... पडला. पाय धरून पडलाय."

"कुणी पाडलं? कार्ड काढलं का?"

"नाही." खेळाडू उठेना. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. धाकट्याच्या डोळ्यांसमोर चादरी सरकू लागल्या. त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबून मॅच जराशी पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. मग तर तो दाबतच गेला, आणि शेवटची शिट्टी वाजली.

अप्पा ताडकन उठले. "हा पंच आहे की चोर? दुखापतीचा वेळ सोडा, हाफसुद्धा पुरा केला नाही! पैसे खाल्लेत याने."

"अप्पा, जाऊ द्या ना."

"जाऊ कसं द्या? असल्यांमुळे शिट्टीची किंमत गेली. मंडळात माझा जुना लाइनमन आहे अजून. फोन लाव त्याला. याचं नाव काय ते बघून सांग, परत मैदानात पाय ठेवू देणार नाही!"

धाकट्याच्या हातात फोन होता. फोन लावला असता तर पलीकडचा माणूस हसला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे गप्प राहिला असता. आणि पडद्यावर तो पंच घाम पुसत उभा होता. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

"त्याने वेळ पुरा दिलाय, अप्पा," धाकटा म्हणाला. "मिनिटं मी खाल्ली. मॅच दुपारीच झाली. दर रविवारी दुपारीच होते. मी भरून ठेवतो आणि आल्यावर लावतो."

अप्पा हळूच खाली बसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तशीच मागे गेली.

मग अप्पांनी विचारलं, "म्हणजे मी ऑफसाइड म्हणायचो, ते त्याच्या आधी नव्हतं?"

धाकट्याला खोटं सुचेना. "शिट्टीच्या आधीच म्हणायचात. पण तोवर तो घरी जाऊन आंघोळ करून बसलेला असायचा."

अप्पांच्या घशातून आवाज आला. हसले की काय, ते धाकट्याला कळलं नाही.

"आज पुढे का ढकललीस?"

"डोळे मिटत होते. उभं राहवत नाही हो हल्ली मला."

"खेळाडू पडला तर पंच काय करतो?" अप्पांनी विचारलं. आवाज मैदानावरचा होता. "खेळ थांबवतो. पडलेल्याला तुडवून पुढे नाही जात. इतकी वर्षं माझ्या घरात राहून एवढंही कळलं नाही तुला?"

"मॅच मागे घेऊ का? तो पडला तिथपासून बघू."

"आत्ता नको. भरून ठेवलीय म्हणालास ना ती? मग थांबू दे. तू आडवा हो."

धाकटा तिथेच बाकावर आडवा झाला, बुटांसकट. अप्पा चाचपडत आले, त्याच्या पायांपाशी वाकले आणि बोटांनी शोधून शोधून नाड्या सोडू लागले. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली.

राहिलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी धाकटा कामावरून आल्यावर बघितली, स्ट्रेचरसकट, काही न ढकलता. अप्पांनी तोंडाने एकदाही ऑफसाइड म्हटलं नाही. नुसता हात वर केला आणि खाली घेतला. शेवटची शिट्टी झाल्यावर मान हलवून म्हणाले, "तरी एक मिनिट कमीच दिलं त्याने."